दोन जिवांचं पान

मुक्तानं पोटाला उशी बांधायला साफ नकार दिला, तेव्हा गौरींच्या नैवेद्याला दीड तास उरला होता, सोळा भाज्यांपैकी अकराच झाल्या होत्या, आणि 'बसमध्ये बसलो' असा रविकांतकाकांचा ब्लँचर्डस्टाउनहून मेसेज येऊन वीस मिनिटं उलटली होती.

"आय'म नॉट वेअरिंग द पिलो, आजी," ती म्हणाली. "आय'म सिक्स्टीन. इट्स मॉर्टिफायिंग."

"अगं, नुसती बांधायची आहे," शोभनाताई म्हणाल्या. "गाऊन त्याशिवाय कसा बसेल? आठवा संपून नववा लागला होता तिला."

सुचित्राच्या तोंडात तीन टाचण्या होत्या, एका हातात मुक्ताच्या गाऊनची बाही होती आणि दुसऱ्या हातात पुरणाचा कालथा. आयर्लंडमध्ये, क्लोनडॉकिनच्या त्या घरातल्या पुढच्या छोट्या खोलीत तिचा ऑल्टरेशनचा धंदा चालायचा. ऑगस्ट-सप्टेंबर म्हणजे डेब्जचा हंगाम, शाळा संपलेल्या मुलींचा नटूनथटून नाचायला जायचा दिवस. महिन्याभरात तिनं एकतीस गाऊन आत घेतले होते किंवा सैल केले होते आणि एकाही मुलीची तक्रार आली नव्हती. हा बत्तिसावा मात्र तिला जुमानत नव्हता. फोटोत दिसतो तसाच्या तसा तिनं तो शिवला होता, घडी न् घडी मोजून. तरी मुक्ताला हात वाकवता येत नव्हता. बाहीचा बाक कोपराच्या उलटा जायचा, छातीवर कापड ताणायचं आणि पाठीवर उगाच उरायचं.

"मम्मा, आय कान्ट इव्हन स्क्रॅच माय नोज."

"त्या काळी खाजवत नसतील," सुचित्रा टाचण्यांमधून म्हणाली आणि पुरणाकडे वळली.

तो फोटो गौरींच्या शेजारी, पाटावर, हार घालून ठेवलेला होता. भागीरथीबाई खळदकर, म्हणजे मुक्ताचे आजोबा विद्याधरराव यांच्या पणजी. नाकात नथ, कपाळाला कुंकवाची चंद्रकोर, केसांचा घट्ट खोपा आणि खाली थेट गळ्यापासून पायघोळ रेशमी गाऊन. कालव्यावर ओव्हरसियर असलेल्या नवऱ्याच्या साहेबाची मडम आयर्लंडला परत निघाली तेव्हा तिनं तो देऊन टाकला होता. पुण्याच्या कॅम्पातल्या स्टुडिओत, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून, भागीरथीबाई जराशा तिरक्या उभ्या होत्या. छातीवर आडव्यातिडव्या दोऱ्या सैल बांधलेल्या, आणि त्याखाली पोट. पोट असं, की पाहुणे आधी पोट बघायचे आणि मग चेहरा. मागच्या पुठ्ठ्यावर शाईनं लिहिलं होतं, 'सौ. भागीरथी, मार्गशीर्ष शके १८०९'.

या पोटावर खळदकरांचं अख्खं घराणं उभं होतं. ओव्हरसियर खळदकरांना बायका दोन. थोरली सरस्वती, तिला नऊ वर्षं मूल नव्हतं, म्हणून धाकटी भागीरथी आणली. मग एका वर्षाच्या आत दोघींनाही मुलगे झाले. सरस्वतीच्या मुलाची पत्रिका होती, आषाढ शके १८१०. भागीरथीच्या मुलाची पत्रिका वाळवीनं खाल्ली. पण मार्गशीर्षात आईचं पोट एवढं असेल तर मुलगा पौषात झालाच असणार, म्हणजे तो सहा महिन्यांनी मोठा, म्हणजे त्याची पाती थोरली, म्हणजे गौरींचे मुखवटे त्या घरात. शके १८०९ पासून आजतागायत यावर ज्यांनी ज्यांनी शंका काढली त्यांना हा फोटो दाखवण्यात आला होता.

भागीरथीच्या पातीत विद्याधरराव, आणि त्यांचा मुलगा शिरीष, म्हणजे सुचित्राचा नवरा. सरस्वतीच्या पातीत रविकांतकाका. चार वर्षांपूर्वी शोभनाताई आणि विद्याधरराव मुलाकडे कायमचे राहायला आले, तेव्हा मुखवटे शोभनाताईंच्या हातातल्या बॅगेतून आले. स्कॅनरच्या पडद्यावर दोन बायकांची डोकी बघून विमानतळावरचा माणूस खुर्चीतून उठलाच होता. मुखवटे इथे आले म्हटल्यावर पुढच्याच वर्षी रविकांतकाकाही मुलगा अनिमेष आणि सून शर्वाणी यांच्याकडे, ब्लँचर्डस्टाउनला आले. ते नातवासाठी आले असं ते सांगत. नातू अजून झालेला नव्हता.

"मग बाईंना काय सांगू?" सुचित्रानं विचारलं. "त्या खास उशीवाला गाऊन बघायला येतायत."

बाई म्हणजे नोरीन. बॉल्सब्रिजमधल्या एका जुन्या घरात कपड्यांचा छोटा संग्रह होता, तिथे ती काम करायची. जुन्या फोटोतल्या बायकांच्या बाह्या बघून साल सांगायची, आणि बहुतेक वेळा बरोबर सांगायची. पुढच्या आठवड्यात तिथे प्रदर्शन होतं, जुन्या तसबिरींमधले आणि फोटोंमधले गाऊन, शेजारी ते नव्यानं शिवून घातलेल्या मुली. सुचित्रानं फॉर्म भरून मोबाईलवर काढलेला फोटो पाठवला होता आणि 'गरोदर' असं लिहिलं होतं. नोरीनचं लगेच उत्तर आलं. त्या काळातल्या बायका गरोदरपणी फोटो काढून घेत नसत, निदान असा समोरून तर नाहीच, त्यामुळे हा फार दुर्मीळ आहे, मला मूळ फोटो भिंगातून बघायचा आहे. सुचित्रानं तिला जेवायलाच बोलावलं. सुचित्राच्या बोलण्यात हल्ली 'माझं प्रदर्शन' असा शब्द येऊ लागला होता आणि तो शोभनाताईंच्या लक्षात आला होता.

शिरीष सुट्टी काढून लाल भोपळा चिरत बसला होता. तो म्हणाला, "मुक्ता, बांध ना गं. दहा मिनिटांचा प्रश्न आहे."

"यू वेअर इट देन."

"जेवायला कधी?" विद्याधररावांनी सोफ्यावरून विचारलं. कानातलं यंत्र त्यांनी सकाळपासून काढून ठेवलं होतं, त्यामुळे घरात सगळं शांततेत चाललंय अशी त्यांची समजूत होती.

शेवटी शोभनाताईंनी मुक्ताला हॉलमध्ये नेलं, काहीतरी कानात सांगितलं, आणि मुक्ता उशी बांधून बाहेर आली. काय सांगितलं ते दोघींनी कुणाला कळू दिलं नाही. पण त्या दिवसापासून मुक्ताच्या खोलीला आतून कडी बसली, एवढं इथे नोंदवून ठेवतो.

*

रविकांतकाका आले ते थेट गौरींपुढे गेले आणि नमस्कार केला. मग फोटोकडे पाहिलं. फोटोला त्यांनी कधीच नमस्कार केला नव्हता. वयाच्या सातव्या वर्षापासून ते या पोटाकडे पाहत आले होते.

गौरी-जेवणाच्या दिवशी त्यांच्या आईला पहाटेच बोलावणं यायचं. ती पुरण वाटायची, सोळा भाज्या निवडायची, पाटावरवंट्यापाशी तिची पाठ धरायची. पण नैवेद्याच्या ताटाला तिचा हात लागत नसे. ताट उचलायचं ते थोरल्या पातीच्या सुनेनं. चार वाजता उरलेल्या पंगतीत ती जेवायची आणि घरी येऊन म्हणायची, छान झाल्या हो गौरी. पस्तीस वर्षं ती असं म्हणाली. ती गेल्यानंतर रविकांतकाकांनी दोन भिंगं, तीन पंचांगं आणि एका निवृत्त सुईणीचं मत जमवलं होतं, पण पोटापुढे कशाचंच काही चाललं नाही.

"भाऊजी, बसा ना," शोभनाताई म्हणाल्या. "अनिमेष, शर्वाणी नाही आले?"

"अनिमेषला ऑफिस. शर्वाणीची हॉस्पिटलात ड्यूटी आहे." मग त्यांची नजर मुक्तावर गेली. पांढऱ्या गाऊनमध्ये, उशी पोटाशी धरून, ती सोफ्याच्या हातावर टेकली होती. "ही काय भानगड?"

"प्रदर्शनात उभी राहणार आहे ती," सुचित्रा म्हणाली. "भागीरथीबाई म्हणून."

"आता इंग्रजांनाही पोट दाखवायचं," काका म्हणाले.

"आयरिश," मुक्ता म्हणाली.

शोभनाताई पानं वाढत होत्या. पान म्हणजे आता स्टीलचं ताटच, पण शब्द पानच. गौरींना दोन, आणि एक फोटोपुढे. फोटोपुढचं पान दोन जिवांचं असायचं. सगळं दुप्पट. भाताच्या दोन मुदी, दोन वाट्या कटाची आमटी, दोन-दोन पुरणपोळ्या, लिंबाच्याही दोन फोडी, एक तिला आणि एक पोटातल्याला. एकशे कितीतरी वर्षं ते बाळ दर भाद्रपदात आईच्या पोटात राहून जेवत होतं. ते बाळ पुढे मामलेदार कचेरीत लागलं, निवृत्त झालं आणि सत्त्याहत्तराव्या वर्षी मधुमेहानं गेलं, तरी त्याची पोळी बंद झाली नाही. रविकांतकाकांच्या आईनं लाटलेल्या पोळ्यांमधल्या कितीतरी पोळ्या त्या पानात गेल्या असतील. काकांनी एकदा हिशेब करायला घेतला होता, मग रक्तदाब वाढला म्हणून सोडला.

बेल वाजली. नोरीन आली होती. सत्तरीची, कानापर्यंत कापलेले पांढरे केस, गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग. दारातच तिनं बूट काढले आणि मोजे एकाला एक नव्हते म्हणून माफी मागितली.

"यू'र ग्रँड, नोरीन, कम इन," सुचित्रा म्हणाली.

नोरीननं गौरी बघितल्या, साड्यांच्या निऱ्या बघितल्या, त्या कुणी घातल्या विचारलं. शोभनाताईंनी स्वतःकडे बोट दाखवलं. नोरीननं खाली वाकून बराच वेळ निऱ्या बघितल्या आणि म्हणाली, मला अशा येणार नाहीत. शोभनाताईंना इंग्रजी बेताचंच कळायचं, पण हे कळलं. मग नोरीन पाटावरच्या फोटोपाशी मांडी घालून बसली. पुढचं ताट बघून तिनं सुचित्राला विचारलं, "इज शी हॅविंग टू डिनर्स?"

सुचित्रानं समजावून सांगितलं. नोरीननं मान हलवली, भिंग डोळ्याशी नेलं, आणि फोटोवर अगदी वाकली.

ती वाकलेलीच राहिली, तसे सगळे जवळ आले. शिरीष हातातला चाकू घेऊन आला. नोरीननं फोटो उजेडाला नेला, परत आणला. मुक्ताकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं. मग मुक्ताला म्हणाली, पोरी, हात वाकवून दाखव बरं. मुक्तानं वाकवायचा प्रयत्न केला. बाही कोपरापाशी अडली.

"सुचित्रा," नोरीन हळू म्हणाली, "तू फार छान शिवलंयस. जे दिसतंय तेच शिवलंयस. म्हणून माझी पंचाईत झाली."

तिनं मुक्ताला आतल्या खोलीत नेलं. पाच मिनिटांनी मुक्ता बाहेर आली तेव्हा तिनं गाऊन उलटा घातला होता. म्हणजे पुढचं मागे आणि मागचं पुढे. दोऱ्यांची वीण पाठीवर गेली होती. पोटावरची उशी मागे, कमरेखाली बांधली होती आणि तिच्यावरून कापडाच्या सगळ्या चुण्या लाटेसारख्या जमिनीपर्यंत उतरत होत्या. बाह्यांचा बाक कोपरावर नेमका बसला होता. मुक्तानं हात उचलला आणि नाक खाजवलं.

"ओह," ती म्हणाली. "इट फिट्स."

गाऊन जसा हवा तसा बसला होता. सुचित्राच्या मनात पहिल्यांदा तेच आलं, आणि तिला आनंद झाला. मग तिनं वर पाहिलं, रविकांतकाकांचा चेहरा दिसला, आणि आपण काय शिवलंय ते तिच्या लक्षात आलं.

नोरीन फोटोवर बोट न टेकवता दाखवत होती. त्या सालचे रात्रीच्या मेजवानीचे गाऊन मागे दोरीनं आवळायचे. कमरेखाली मागे तारांचा छोटा पिंजरा असायचा, कापड फुगवून धरायला. तशी फॅशनच होती, मागे घडवंची बांधल्यासारखं दिसायचं. फोटोतल्या बाईंनी गाऊन उलटा घातलाय. त्या गरोदर नाहीत. तो पिंजरा आहे.

"काय म्हणते ती?" शोभनाताईंनी विचारलं.

शिरीषनं चाकूकडे पाहिलं. सुचित्रानं कढईकडे पाहिलं. शेवटी मुक्ताच म्हणाली, तिच्या त्या मोडक्या मराठीत, कारण आजीला इंग्रजीत सांगणं तिला बरं वाटेना.

"आजी, बाळ नाही आहे. तार आहे."

*

रविकांतकाका खुर्चीत बसले. उठले. परत बसले. सत्तर वर्षं ज्या दिवसाची वाट पाहिली तो सोमवारी दुपारी एक वाजता, एका विजोड मोज्यांच्या बाईच्या हातून आला, आणि त्याला सामोरं कसं जायचं ते त्यांनी ठरवलेलंच नव्हतं.

"म्हणजे पुरावा नाही," ते म्हणाले. "विद्याधर, ऐकतोयस का? पुरावा नाही."

ते चार वर्षांनी लहान असूनही विद्याधररावांना कधी दादा म्हणत नसत. विद्याधररावांनी कानात यंत्र घातलं. शिरीषनं त्यांना थोडक्यात सांगितलं. त्यांनी फोटो हातात घेतला, जरा लांब धरला, जवळ धरला.

"पोट असो नसो," ते म्हणाले, "माझं रिकामं आहे."

"काका, एका फोटोवरून काही ठरत नाही," शिरीष म्हणाला.

"आजवर एका फोटोवरूनच ठरत होतं," काका म्हणाले. "आमची पत्रिका आहे. आषाढ अठराशे दहा. तुमच्याकडे तारेचा पिंजरा आहे. मुखवटे आमच्याकडे यायला हवेत."

"आत्ता? गौरी बसल्यात काका."

"उद्या विसर्जन झालं की."

"मला काकांचं पटतं," सुचित्रा म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे वळून पाहिलं. तिनं कालथा खाली ठेवला. एवढं बोलून गेल्यावर मागे फिरण्यात अर्थ नव्हता, आणि खरं सांगायचं तर तिला फिरायचंही नव्हतं.

"चार वर्षं करतेय मी," ती म्हणाली. "सोळा भाज्या चार दुकानांतून गोळा करते. ऐन हंगामात तीन दिवस खोलीला कुलूप लावते. त्या बिचाऱ्या पोरी दारात गाऊन घेऊन उभ्या राहतात. न्यायानं त्यांच्याकडे जात असतील मुखवटे, तर आपण कशाला अडवायचं?"

"न्यायानं," शिरीष म्हणाला. "आठ दिवसांपूर्वी तर म्हणालीस, गौरींमुळे घराला घरपण येतं."

"तेव्हा न्याय माहीत नव्हता."

"मम्मा, यू कान्ट," मुक्ता म्हणाली. सकाळी उशीवरून भांडलेली हीच मुलगी आता आजीच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली. "दे'र आजी'ज."

नोरीन ताठ बसून होती. जेवायला बोलावलेल्या घराचं आपण काहीतरी मोडलंय एवढं तिला कळलं होतं. तिनं सुचित्राला विचारलं, मी बोलायला नको होतं का? सुचित्रानं तिला पाण्याचा पेला दिला.

काकांनी खिशातून फोन काढला. "शर्वाणीला सांगतो. तयारी करावी लागेल." फोन स्पीकरवर लागला. शर्वाणी वॉर्डातून बोलत होती, मागे कसलातरी बीप वाजत होता.

"अगं, मुखवटे आपल्याकडे येतायत," काका म्हणाले.

"कुठले मुखवटे, बाबा?"

"गौरींचे. थोरली पाती आपली ठरली."

"बाबा, त्या उभ्या कुठे राहणार? हॉलमध्ये अनिमेषची सायकल आहे. प्रेसमध्ये मावतील का?"

"कपाटात गौरी बसवतात का?"

"मग तुम्ही करणार का सगळं? माझ्या रजा संपल्यात. तुम्ही करणार असाल तर माझी काही हरकत नाही. ठेवते, डॉक्टर आलेत."

काकांनी फोन खिशात ठेवला. त्यांना साधा वरणभातही करता येत नव्हता.

*

शोभनाताईंनी तोवर फोटो विद्याधररावांच्या हातून मांडीवर घेतला होता आणि काचेवरून पदर फिरवत होत्या.

बावन्न वर्षं त्यांनी मुखवटे पुसले, लिंबानं घासले, डोळ्यांत काजळ घातलं. सासूबाई गेल्या, पुणं सुटलं, मैत्रिणी सुटल्या, इथे दार उघडलं तर बोलायला कुणी नव्हतं. वर्षातून तीन दिवस हे घर त्यांचं व्हायचं. मुखवटे गेले तर आपण इथे कोण, ते त्यांना ठाऊक नव्हतं. शिरीषची आई, एवढंच. त्यांना भीती वाटली, आणि ती तोंडावर दिसली.

पण हातातल्या फोटोवरून त्यांची नजर हटेना.

"हिनं उलटा का घातला असेल हे विचारतेय ना ती?" त्यांनी सुचित्राला विचारलं. नोरीन खरंच तेच विचारत होती. "सांग तिला. निऱ्या पुढे असतात. हिनं गाऊन हातात घेतला, चुण्या दिसल्या, त्या पुढे घेतल्या. चोळीची गाठ पुढे मारतात, म्हणून दोऱ्या पुढे घेतल्या. मी असते तरी असाच घातला असता."

सुचित्रानं सांगितलं. नोरीननं भिंग खाली ठेवलं आणि म्हणाली, अर्थात. मग परत एकदा म्हणाली, अर्थात.

"आणि वय बघ हिचं," शोभनाताई म्हणाल्या. "पोट आहे म्हणून आम्ही हिला बाई समजत आलो. पोट काढून बघा जरा. ही मुक्ताएवढी आहे. हसू दाबतेय."

मुक्तानं खुर्चीमागून वाकून पाहिलं. खरंच ओठांचे कोपरे घट्ट दाबलेले होते. मडमेचा गाऊन घालून, फोटोवाल्यासमोर, सोळा-सतरा वर्षांची मुलगी हसू आवरत उभी होती.

"मी लग्न होऊन आले," शोभनाताई म्हणाल्या, "आणि आठ वर्षं मला मूल नव्हतं. सासूबाई रोज सकाळी मला हिच्यापुढे उभं करायच्या. म्हणायच्या, बघ, हिच्या पोटाकडे बघ आणि माग. मी मागायचे. आंघोळ करून, ओल्या केसांनी, आठ वर्षं." त्यांनी काचेवर बोट टेकवलं. "मी पिंजऱ्याला नमस्कार करत होते."

शिरीष म्हणाला, "आई."

"आणि तू झालास," शोभनाताई म्हणाल्या. "पिंजऱ्याच्या कृपेनं." आणि त्यांना हसू फुटलं. आधी नुसते खांदे हलले, मग चष्मा काढावा लागला. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते सगळंच हसण्याचं नव्हतं. आठ वर्षांच्या त्या सकाळी त्यांनी कधी कुणाला सांगितल्या नव्हत्या, नवऱ्यालाही नाही. विद्याधररावांनी यंत्र कानात घट्ट बसवलं आणि बायकोकडे बघत राहिले.

"मला कधी बोलली नाहीस," ते म्हणाले.

"तुम्ही ऐकत होता कुठे."

रविकांतकाकांना वाटलं होतं, जिंकल्यावर आपण काहीतरी मोठं बोलू. वाक्यंसुद्धा तयार होती, त्यांतली काही संस्कृतात. पण समोर वहिनी डोळे पुसत होत्या, आणि त्यांना स्वतःची आई आठवली, तीही याच फोटोकडे पाठ करून पुरण वाटायची. एका तारेच्या पिंजऱ्यानं दोन घरांतल्या बायकांना राबवलं होतं. त्यांचा राग कुठे गेला ते त्यांना कळेना, आणि राग गेल्यावर हातात काय उरलं तेही कळेना.

"मुखवट्यांचं बघू पुढे," ते पुटपुटले. "सायकलीचं काहीतरी करावं लागेल आधी."

"भाऊजी," शोभनाताई म्हणाल्या, "मला एक सांगा. तुमच्या पणजीचा, सरस्वतीबाईंचा, फोटो आहे का हो?"

"नाही. तिचा कुणी काढला नाही."

शोभनाताई उठल्या. फोटो पाटावर जागच्या जागी ठेवला. मग स्वयंपाकघरातून एक पाट आणि रिकामं ताट आणलं, भागीरथीबाईंच्या पानाशेजारी मांडलं, आणि खाली बसून एकेक पदार्थ उचलू लागल्या. दोन मुदींतली एक मूद इकडे. आमटीची एक वाटी इकडे. लिंबाची एक फोड. एक एक करून पोटातल्या बाळाचं सगळं जेवण त्यांनी त्या दुसऱ्या पानात आणलं. पोळी उचलताना मोडेल म्हणून दोन्ही हातांनी उचलली.

रिकाम्या पाटासमोर भरलेलं पान तयार झालं.

"तिथे फोटो नाही, आई," शिरीष म्हणाला.

"नसू दे. पानाला कुठे फोटो लागतो."

मग त्यांनी सुचित्राकडे पाहिलं. "पुढच्या वर्षी सोळा भाज्या नकोत. पाच पुरेत. तुझ्या पोरींचे गाऊन अडतात." सुचित्रानं उगाच कालथा उचलून पुसला. न्यायाची बाजू घेऊन ती अशी तोंडघशी पडेल असं तिला वाटलं नव्हतं.

आता नैवेद्य दाखवायचा होता. ओट्यावर मोठं ताट वाढून तयार होतं, वर तुळशीची पानं ठेवलेली. शोभनाताई ताटाकडे गेल्या नाहीत. त्या गौरींच्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, उचला."

काकांना आधी कळलंच नाही. "मी?"

"तुमच्या आईचं राहिलंय. उचला, निवतंय सगळं."

रविकांतकाकांनी हात धुतले. रुमालाला पुसले, मग तो रुमाल बसमधला आहे हे आठवून परत धुतले. ताट जड होतं. ते इतकं जड असेल हे त्यांना ठाऊक नव्हतं, त्यांच्या घरातल्या कुणीच ते कधी उचललं नव्हतं. ते ओट्यापासून गौरींपर्यंतची आठ पावलं फार सावकाश चालले. वाटीतली आमटी हिंदकळत होती, तेव्हा मुक्ता, मागे उशी आणि पुढे काहीच नसलेली, एका हातानं घोळ सावरत पुढे झाली आणि तिनं ताटाला दुसऱ्या बाजूनं हात दिला. तिचा हात आता व्यवस्थित वाकत होता.

"आय हॅव इट, रवी आजोबा," ती म्हणाली. "लिटल स्टेप्स."

ताट गौरींपुढे टेकलं. काका खाली वाकले ते बराच वेळ उठले नाहीत. उठले तेव्हा त्यांनी आधी रिकाम्या पाटाला नमस्कार केला, आणि मग, आयुष्यात पहिल्यांदा, शेजारच्या हसू दाबणाऱ्या मुलीला.

"दादा," ते विद्याधररावांकडे वळून म्हणाले, "चल, जेवायला बसू."

विद्याधररावांना ते बरोबर ऐकू आलं. ते उठले.